गाद्या, ऑर्गन पाइप आणि बॉस्टनचा सिम्फनी हॉल

रिसर्चची तयारी करताय म्हणजे एक प्रश्न तुमच्या कानावर पडला असेल, नाहीतर लवकरच पडेल: "हे सगळं ठीक आहे, पण तू नेमकं मोजणार काय?" या प्रश्नाचं माझं सगळ्यात आवडतं उत्तर एका इमारतीत आहे. अमेरिकेतल्या बॉस्टनचा सिम्फनी हॉल. १५ ऑक्टोबर १९०० ला उघडलेला हा हॉल पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या जगातल्या उत्तम हॉल्समध्ये आजही धरला जातो. बांधण्याआधीच आवाजाचं गणित मांडलेला हा पहिला संगीत हॉल.

सुरुवात मात्र एका फसलेल्या खोलीपासून झाली. १८९५ मध्ये हार्वर्डच्या नव्या फॉग म्युझियममधल्या लेक्चर हॉलमध्ये बोललेलं कोणालाच कळेना. प्रत्येक शब्द साधारण साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्या वेळात आपण दहा-पंधरा शब्द सहज बोलतो, ते सगळे एकमेकांवर चढायचे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम फिजिक्स विभागातल्या वॉलेस सॅबाइनला दिलं. वय २७, ध्वनिशास्त्राचा विशेष अनुभव नाही, पीएचडी नाही. (ती त्याने पुढेही केली नाही. गाइडसमोर हे उदाहरण देऊ नका.)

"आवाज खराब येतो" ही तक्रार झाली, व्हेरिएबल नाही. सॅबाइनने ती मोजता येईल अशी केली: ऑर्गन पाइप वाजवायचा, बंद करायचा, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती सेकंद लागतात ते नोंदवायचं. यालाच आपण निनादकाल म्हणतो. आजच्या व्याख्येत आवाज ६० डेसिबलने, म्हणजे ऊर्जेच्या दहा लाखाव्या भागापर्यंत, उतरायला लागणारा वेळ. सॅबाइनकडे डिटेक्टर एकच होता, स्वतःचे कान. म्हणून रस्ता शांत झाल्यावर, रात्रीच मोजमाप.

मग गाद्या आल्या. शेजारच्या सँडर्स थिएटरच्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या-थोड्या वाढवत वेळ मोजायची, सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या. सगळ्या गाद्या मांडल्यावर निनादकाल एका सेकंदाच्या थोडा वर, इतका खाली आला. इथे एक किस्सा सांगायलाच हवा. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात आणि रोजचे कपडे वेगळे आहेत. त्याने हजारो नोंदी फेकून दिल्या आणि पुढे प्रत्येक प्रयोगाला तोच पोशाख घातला. कंट्रोल म्हणजे काय हे मला कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा या कोटाने जास्त नीट समजावलं.

१८९८ च्या ऑक्टोबरमध्ये आकडे जुळले. निनादकाल = ०.१६ × घनफळ ÷ एकूण शोषण (मीटरमध्ये मोजलं तर). खोली मोठी तर घुमणं जास्त, मऊ पृष्ठभाग जास्त तर घुमणं कमी. बस्स, एवढंच.

त्याच सुमारास बॉस्टन सिम्फनीचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन नवा हॉल बांधायच्या तयारीत होते. वास्तुविशारद मॅकिम, मीड अँड व्हाइट. मॅकिमचा पहिला आराखडा ग्रीक धर्तीच्या अर्धगोल प्रेक्षागृहाचा होता, तो मागे पडला. मग लाइपझिगच्या गेवांडहाउसचा नमुना समोर ठेवला गेला. पण तिथे जागा सुमारे पंधराशे, इथे हव्या होत्या अडीच हजारांवर. तोच हॉल सगळ्या बाजूंनी सारखा मोठा करा, असा सोपा विचार होता. सॅबाइनने गणित करून दाखवलं की तसं केलं तर घुमणं तीन सेकंदांपर्यंत जाईल. म्हणून हॉल लांब केला, पण रुंदी आणि उंची आवरली: बुटाच्या खोक्यासारखा आकार, रुंदी सुमारे २३ मीटर, उंची १९ च्या आत. बाल्कन्या उथळ, म्हणजे खाली बसलेल्यांवर आवाजाची सावली पडत नाही. रंगमंचाच्या भिंती आत कललेल्या, आवाज समोर ढकलायला. भिंतींच्या वरच्या कोनाड्यांत ग्रीक-रोमन शिल्पांच्या १६ प्लास्टर प्रती आहेत. त्या सजावटीसाठी ठेवल्या, पण आवाज विखुरण्याचं कामही करतात.

आता खरी गंमत. सॅबाइनचं भाकीत होतं २.३ सेकंद. पुढे भरलेल्या हॉलमध्ये मोजमाप झालं तेव्हा निघाले साधारण १.९. चूक कुठे झाली? हिशोब तुम्हीच करा. घनफळ सुमारे १८,७५० घनमीटर, त्याला ०.१६ ने गुणलं की ३,०००. निनादकाल २.३ यायला शोषण हवं साधारण १,३०० चौरस मीटर, १.९ यायला जवळजवळ १,५८०. जास्तीचे पावणेतीनशे आले श्रोत्यांकडून. सॅबाइनने शोषण माणशी मोजलं होतं. १९६० मध्ये लिओ बेरानेकने दाखवलं की शोषण डोक्यांवर नाही, श्रोते व्यापतात त्या क्षेत्रफळावर ठरतं. सूत्र बरोबर होतं, त्यात घातलेली एक संख्या चुकली होती. भाकीत चुकलं, हॉल मात्र अप्रतिम झाला, कारण १.९ सेकंद वाद्यवृंदाला अगदी मानवतात.

आणि बेरानेकचं काय झालं? १९६२ मध्ये न्यूयॉर्कचा फिलहार्मोनिक हॉल उघडला. ध्वनीचा सल्लागार तोच. जागा वाढवण्यासाठी मूळ आकार बदलला गेला, आवाजाबद्दल तक्रारी सुरू झाल्या, आणि १९७६ मध्ये हॉल आतून पूर्ण काढून नव्याने बांधावा लागला. ते काम केलं फिलिप जॉन्सन आणि सिरिल हॅरिस यांनी. मुंबईत एनसीपीएच्या टाटा थिएटरमध्ये (१९८०) बसला असाल, तर याच जोडीचं काम तुम्ही ऐकलंय.

बॉस्टनमध्ये २००६ साली झिजलेला लाकडी रंगमंच बदलायची वेळ आली. सूत्र हाताशी होतं, कॉम्प्युटरही होते. तरी त्यांनी पुन्हा मेपलच्याच फळ्या घेतल्या आणि जुन्या पद्धतीच्या, हाताने केलेल्या खिळ्यांनी ठोकल्या.