गांडुळांचे जेवण, घरातील ज्येष्ठांच्या हाती

वय वाढलेल्या माणसाच्या हातून घरातील कामे एकेक करून काढून घेतली जातात, आणि तीही प्रेमापोटी. ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणतो’, ‘आई, तू राहू दे, बाई येईल आता’ ही वाक्ये आपल्या घरांत रोज बोलली जातात. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र दिवसेंदिवस एकच गोष्ट साचत जाते: आपल्यावाचून या घरात आता काहीच अडत नाही. दक्षिण नागपुरातील हुडकेश्वर भागात रुग्ण तपासताना ही खंत मी फार वेळा ऐकतो. गुडघेदुखी आणि झोप न लागणे या तक्रारींच्या पाठोपाठ ती येते, आणि तिच्यावर लिहून देण्यासारखी गोळी माझ्यापाशी नाही.

म्हणून आज एका लहानशा कामाविषयी लिहितो. स्वयंपाकघरातील भाजीच्या साली आणि देठ घराच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या पेटीतील गांडुळांना रोज जेवू घालणे, एवढेच हे काम. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. यामुळे साखर उतरेल किंवा रक्तदाब कमी होईल, असा दावा मी करणार नाही. पण सकाळी उठून कोणाची तरी वाट पाहणारी भूक आपल्याला भागवायची आहे, ही जाणीव म्हातारपणी मोलाची असते. मात्र हे काम आपल्या शरीराला बेतून मांडले पाहिजे. अन्यथा त्याचा त्रास होऊ शकतो. दोन्ही बाजू पाहू.

कचरा कुठे जातो?

आपल्या घरातून निघणारा ओला कचरा घंटागाडीत पडतो आणि शहराच्या पूर्वेकडील भांडेवाडीच्या दिशेने जातो. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, असे घनकचरा व्यवस्थापनाचे नियम सांगतात. दोन्ही एकत्र गेले की ओला भाग ढिगाच्या पोटात हवेविना कुजतो, त्यातून पेटणारा मिथेन वायू तयार होतो, आणि उन्हाळ्यात भांडेवाडीला आग लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या धुराचा सर्वाधिक त्रास होतो तो दमा आणि जुनाट खोकल्याच्या वृद्ध रुग्णांना. एका घरच्या सालींनी शहराचे चित्र पालटणार नाही, हे खरे. पण ज्या घरात ओला कचरा घरातच जिरतो, त्या घरापुरता हा प्रश्न मिटतो.

हुडकेश्वरात अजूनही पुष्कळ घरांना अंगण किंवा मागे वीतभर परस आहे. तुळस, कढीपत्ता, जास्वंद, एखादे लिंबाचे झाड असतेच. तयार खताला गिऱ्हाईक शोधायला दूर जावे लागत नाही.

गांडूळ आणि जंत

गांडुळांचा विषय निघाला की ‘घरात जंत होणार नाहीत ना?’ असे हमखास विचारले जाते. पोटातील जंत दिसायला गांडुळासारखा असल्याने हा गैरसमज रुजला आहे. जंतांचा प्रसार माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या माती-पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीतून होतो. गांडूळ माणसाच्या आतड्यात राहत नाही आणि जंतही पेटीतील गांडुळापासून होत नाहीत. एक पथ्य मात्र पाळावे. कुत्र्या-मांजराची विष्ठा या पेटीत कधीही टाकू नये, कारण तिच्यात माणसाला अपायकारक कृमींची अंडी असू शकतात.

चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने गांडुळांवरील आपले पुस्तक १८८१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचे वय ७२ वर्षांचे होते. घरात कुंड्यांमध्ये गांडुळे ठेवून त्याने त्यांचे निरीक्षण केले. त्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी त्यांच्याजवळ पियानो वाजवून पाहिला. गांडुळे हलली नाहीत. पण कुंड्या पियानोवरच ठेवून स्वर छेडल्यावर ती झटकन बिळात शिरली. त्यांना आवाज कळत नाही, कंप कळतो. उतारवयात रमण्यासाठी हा विषय किती पुरेसा आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

गांडुळाला दात नाहीत आणि फुप्फुसेही नाहीत. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते आणि पोटातील मातीच्या कणांवर अन्न दळते. पेटीची सारी व्यवस्था या दोन गोष्टींवरून ठरते. त्वचा सुकता कामा नये, पाण्यात बुडताही कामा नये, आणि अन्न बारीक व मऊ हवे.

पेटीची मांडणी

पावसाळ्यात अंगणात निघणारी गांडुळे पेटीत टाकून चालत नाही. ती मातीत खोल राहणारी असतात आणि पेटीत तग धरत नाहीत. सडणाऱ्या पालापाचोळ्यात वरच्या थरात राहणारी जात हवी. आयसेनिया फेटिडा ही लालसर गांडुळे त्यासाठी सर्वत्र वापरली जातात. कृषी विज्ञान केंद्रात किंवा गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडे चौकशी करावी. दोन माणसांच्या घराला सुरुवातीस अर्धा किलो गांडुळे पुरतात.

सुमारे २ फूट लांब, दीड फूट रुंद आणि १ फूट खोल क्रेट किंवा रुंद तोंडाची मातीची कुंडी घ्यावी. तळाला निचऱ्यासाठी आणि बाजूंना हवेसाठी छिद्रे असावीत. आत अर्ध्या उंचीपर्यंत वाळलेली पाने, फाडलेले वर्तमानपत्र, जुने वाळलेले शेण आणि मूठभर माती यांचे अंथरूण करावे. ताजे शेण घालू नये, ते तापते. अंथरूण ओलवून मुठीत दाबून पाहावे. एक-दोन थेंब निघाले तर ओल योग्य, धार लागली तर जास्त.

पेटी जमिनीवर ठेवू नका. कमरेइतक्या उंचीच्या, न डगमगणाऱ्या स्टँडवर ठेवा आणि शेजारी हाताची खुर्ची असू द्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठताना भोवळ येऊ शकते, आणि या वयातील एक पडणे खुब्याच्या हाडाला महागात पडते. पेटीभोवती शेवाळ किंवा ओल साचू देऊ नये.

काय वाढावे, किती वाढावे

दुधी, दोडका, पालक, कोबी यांच्या साली आणि देठ, सांबाराच्या काड्या, केळीची व पपईची साल, हे गांडुळांना मानवते. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन द्यावा. अंड्यांची टरफले वाळवून, कुटून चिमूटभर घालावीत. त्यांचे कण दळणाच्या कामी येतात. देवाचे निर्माल्य दोरा आणि तार काढून घालता येते.

तेलकट भाजी, तर्री, लोणचे, मीठ-मसाल्याचे उरलेले अन्न, दूध-दही, मांस-मासळी यांपैकी काहीही घालू नये. कांदा, लसूण आणि मिरची टाळावी. आपल्या नागपुरात सर्वांत मोठी अडचण संत्र्याची. हंगामात घरोघरी सालींचा ढीग होतो, आणि तो सारा पेटीत गेला तर त्यातील आम्ल व तेल गांडुळांना सोसत नाही. संत्री, मोसंबी आणि लिंबाच्या साली झाडाखालच्या वेगळ्या खड्ड्यात कुजू द्याव्यात.

पहिले दोन-तीन आठवडे रोज १०० ग्रॅम, म्हणजे बारीक चिरलेली एक ओंजळच द्यावी. गांडुळे रुळल्यावर अर्धा किलो गांडुळांना दिवसाला पाव किलोपर्यंत देता येते. आज एका कोपऱ्यात, उद्या दुसऱ्या, असे चार कोपरे पाळीने घ्यावेत. अंथरूण थोडे बाजूला सारून अन्न पुरावे आणि वर वाळलेली पाने पसरावीत, म्हणजे चिलटे होत नाहीत. आधीचा घास संपला नसेल तर नवा वाढू नये. पेटीला वास येतो तो बहुतेक वेळा जास्त वाढल्यामुळे. तेव्हा दोन-चार दिवस उपास घडवावा आणि सुकी पाने मिसळावीत.

साधारण दोन ते अडीच महिन्यांत तळाचा भाग चहापत्तीसारखा काळा, दाणेदार होतो. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास त्याला येतो. पाणी देणे थांबवून खताचा ढीग उजेडात ठेवला की गांडुळे आपोआप खाली जातात आणि वरचे खत हलक्या हाताने काढता येते.

नागपूरचे तीन ऋतू

गांडुळांना १५ ते २५ अंश तापमान मानवते आणि पेटीच्या आत ३५ अंशांच्या वर गेले की ती मरू लागतात. मे महिन्यात आपला पारा ४५ च्या घरात असतो. म्हणून पेटी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीलगत, दिवसभर सावली राहील अशा जागी असावी आणि वर ओले गोणपाट टाकावे. कूलरची ताटी ज्या न्यायाने घर गार करते, त्याच न्यायाने हे गोणपाट पेटी गार ठेवते. त्या दिवसांत गांडुळांचे जेवण सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर उरकावे. दुपारच्या उन्हात बाहेर पडू नये, हा नियम वाढणाऱ्यालाही लागू आहे.

पावसाळ्यात पेटीवर आडोसा हवा, नाहीतर पाणी भरून गांडुळे बाहेर पडतात. पेटीखालच्या ताटलीत झिरपणारे पाणी आणि मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली ठेवलेल्या वाट्या दर दोन-तीन दिवसांनी रिकाम्या करून घासाव्यात. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पैदास साधारण आठवडाभरात पूर्ण होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गांडुळे मंदावतात, तेव्हा वाढणे निम्म्यावर आणावे.

डॉक्टर म्हणून काही पथ्ये

मधुमेह असणाऱ्यांनी रबरी हातमोजे आणि पाय झाकणारी पादत्राणे घातल्याखेरीज पेटीला हात लावू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते आणि जखम कळत नाही. २०२१ साली ज्या म्युकरमायकोसिसने आपल्या शहराला हादरवले, त्याची बुरशी माती आणि कुजणाऱ्या पदार्थांतच असते. साखर नियंत्रणात नसेल तर खत काढणे आणि चाळणे हे काम घरातील निरोगी व्यक्तीला द्यावे. वरून बुरशी दिसत असेल तर ती ढवळू नये.

दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर सुक्या खताची धूळ टाळावी. खत थोडे ओलसर ठेवावे आणि हाताळताना मास्क लावावा. कर्करोगाची औषधे, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी पेटीत हात घालू नये. त्यांनी ताज्या साली चिरून देण्याचे काम घ्यावे. तेही तितकेच गरजेचे आहे.

धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, हे मोठ्या वयात बहुतेकांच्या स्मरणात नसते. शेवटची मात्रा कधी घेतली ते आठवत नसेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा. काम झाल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. पेटीतून झिरपलेले पाणी दहापट पाणी मिसळून झाडांच्या मुळाशीच घालावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर ते शिंपडू नये.

आणखी एक गोष्ट काळजीवाहकांसाठी. जुन्या गोळ्या, इन्सुलिनच्या सुया, वापरलेले डायपर आणि मलमपट्ट्या या पेटीत कदापि जाता कामा नयेत. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात जमा कराव्यात, आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत.

विस्मरण असलेल्यांसाठी

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात रोज त्याच वेळी, त्याच भांड्याने करायचे काम मनाला आधार देते. अशा व्यक्तीसाठी एक ठरावीक रंगाचा लहान डबा ठेवावा. त्यात काय जाईल ते घरातील दुसऱ्याने पाहावे, आणि पेटीपाशी सोबत असावी. हाती लागेल ते तोंडात घालण्याची सवय जडली असेल, तर मात्र हे काम देऊ नये.

ज्येष्ठांना हे काम सोपवले की ते खरोखर त्यांचेच राहू द्यावे. एखाद्या दिवशी जास्त वाढले गेले, चिलटे झाली, चार गांडुळे दगावली, म्हणून लगेच डबा हातातून काढून घेऊ नये. काय चुकले ते त्यांनाच शोधू द्यावे. आणि आजोबा-आजींनो, आपणही गावाला जाताना पेटीची काळजी करू नका. नीट रुळलेली गांडुळे आठ-दहा दिवस नव्या अन्नावाचून सहज राहतात. जाण्यापूर्वी ओल तपासावी, एक ओंजळ पुरावी, गोणपाट झाकावे आणि उन्हाळा असेल तर शेजाऱ्यांना रोज पाण्याचा एक हबका मारायला सांगावे.