पावसाच्या खंडात सोयाबीन तग कसे धरते? जाणून घ्या पेशीतल्या ‘पाठराखिणीं’विषयी

ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की लातूर, नांदेडच्या शिवारात सोयाबीन दुपारी माना टाकते आणि सकाळी पुन्हा टवटवीत दिसते. २०२३चा ऑगस्ट तर देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. अशा ताणात पीक काही दिवस तग धरते, त्यामागे पेशींमधील ‘मॉलिक्युलर शॅपरोन’ या प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

उन्हात नेमके काय बिघडते?

पाणी कमी पडले की पाने रंध्रे मिटतात. बाष्पोत्सर्जन मंदावते आणि पान तापते. प्रथिन म्हणजे ठरावीक घडी घातलेला लांब धागा. उष्णतेने ही घडी उसवते, प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात. अंडे उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तसेच काहीसे.

शॅपरोन काय करतात?

नवरी सासरी रुळेपर्यंत पाठराखीण सोबत राहते. तसेच शॅपरोन प्रथिनाची घडी नीट बसेपर्यंत सोबत करतात आणि मग बाजूला होतात. यातील अनेक उष्णतेत झपाट्याने वाढतात, म्हणून त्यांना ‘हीट शॉक प्रोटीन’ (एचएसपी) म्हणतात. नावापुढचा आकडा साधारण वजन सांगतो, किलोडाल्टनमध्ये.

• लहान एचएसपी : उसवलेली प्रथिने धरून ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत
• एचएसपी ६० : पिंपासारख्या पोकळीत घडी घालू देतात
• एचएसपी ७० : उसवलेल्या भागाला धरून पुन्हा घडीची संधी देतात
• एचएसपी ९० : पेशीत संदेश पोहोचवणारी प्रथिने सांभाळतात
• एचएसपी १०० : चिकटलेले गोळे सोडवतात

वनस्पतींमध्ये इतके प्रकार का?

माणूस सावलीत जातो, झाडाला जागा सोडता येत नाही. माणसात लहान एचएसपी १० प्रकारची आहेत. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात १९ आढळली. हरितलवक, तंतुकणिका अशा पेशीच्या भागांसाठी त्यांची स्वतंत्र रूपे असतात.

सोयाबीनने काय शिकवले?

१९८०च्या दशकात अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात जो की आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या रोपांवर प्रयोग केले. थेट ४५ अंश सेल्सिअसला ठेवलेली रोपे मेली. आधी ४० अंशांत ठेवलेली मात्र तगली, कारण त्यांच्यात एचएसपी आधीच साठली होती.

मग उत्पादन का घटते?

ही मदत फुकट नसते. बहुतेक शॅपरोनना काम करायला पेशीची ऊर्जा लागते, तीही प्रकाशसंश्लेषण मंदावलेले असताना. खंड लांबला की पीक हिरवे दिसते, पण फुले आणि कोवळ्या शेंगा गळतात.

शेतकऱ्यांच्या हाती काय?

शॅपरोन फवारता येत नाहीत. त्यांच्यावरचा भार मात्र हलका करता येतो. रुंद वरंबा सरी (बीबीएफ) पद्धतीने पेरणी केल्यास जमिनीत ओल टिकते. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाऊस नसेल, तर शेततळ्यातून दिलेले एक संरक्षित पाणीही मोलाचे ठरते. पीक कोमेजेपर्यंत थांबू नये, कारण तोवर पेशीतली लढाई बरीच पुढे गेलेली असते.