उन्हाने कातडी का सुरकुतते?

नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांत उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात. वर्षानुवर्षे हे काम केलेल्या एखाद्या आजोबांची मान पाहा, मग दंडाची आतली बाजू पाहा. वय एकच, पण मान निबर, सुरकुतलेली आणि दंड मात्र नितळ! असे का बरे व्हावे?

त्वचेला बळकटी देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. सूर्यप्रकाशातील ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेच्या आतल्या थरापर्यंत पोहोचतात. त्यांमुळे कोलॅजेनचे तंतू तोडणारी विकरे वाढतात; नवे कोलॅजेनही कमी बनते. ही झीज साचत जाते. मेलॅनिन हे रंगद्रव्य काही किरण अडवते, सर्व नव्हे.

म्हणून डोके-मान झाकणारा दुपट्टा आणि लांब बाह्यांचा सदरा हवा, तोही तुमच्या वयापासूनच!