संस्थेचा नंबर कितवा ?

बी. एस्सी.चा निकाल हातीं आला आणि मुलास अगर मुलीस भौतिकशास्त्रांतच पुढें जावयाचें आहे असें ठरलें, कीं रत्नागिरीच्या सुशिक्षित घरांतून पहिला प्रश्न निघतो तो असा : ‘त्या संस्थेचा नंबर कितवा ?’ प्रश्न आजोबांचा असो वा काकांचा, त्यामागें काळजीच असते. एम. एस्सी.चीं दोन वर्षें आणि पुढें पीएच. डी.चीं पांच-सहा, एवढें तारुण्य पणास लागावयाचें असतें. परंतु नंबर हें त्या काळजीचें उत्तर नव्हे, असें आमचें मत आहे.

क्रमांकाचें कौतुक आपल्या जिल्ह्यास नवें नाहीं. दापोली तालुक्यांतील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले, याचा अभिमान आपण आजही बाळगतों. (त्या वर्षीं त्या मानाचे वाटेकरी दोघे होते, हें मात्र सहसा सांगत नाहीं !) पण त्याच परीक्षेंत १८५४ सालीं मॅक्सवेल दुसरे आले होते, आणि इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. टॉमसन हेही १८८० सालीं दुसरेच. खुद्द केंब्रिजनें १९०९ नंतर ही क्रमवार यादी प्रसिद्ध करणें बंद केलें. एका माणसास लावलेला आंकडा जर इतका फसवा, तर शेंकडों अध्यापकांच्या विद्यापीठास लावलेल्या एका आंकड्यावर किती विसंबावें ?

केंद्र सरकारची एन. आय. आर. एफ. क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यांत साधारणतः शंभरांपैकीं तीस गुण अध्यापन व साधनसामग्रीस, तीस संशोधनास, वीस पदवीधरांच्या यशास, दहा सर्वसमावेशकतेस आणि दहा निव्वळ लौकिकास असतात. माहिती बहुतांशीं संस्थाच पुरवितात. भौतिकशास्त्राचें निराळें कोष्टक तर तिच्यांत नाहींच. तेव्हां विद्यापीठाच्या नंबरांत वाणिज्य आणि वाङ्मय हींही मिसळलेलीं असतात. परदेशी क्रमवाऱ्या विषयवार असतात, तरी तेथेंही लौकिकाचें पारडें जडच.

आतां एक उदाहरण घ्या. नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. ती चालविणारें पुण्याचें केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. ज्या मुलीस आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरींचा अभ्यास करावयाचा, तिला याहून सोईचें स्थान देशांत सांपडणें कठीण. तिच्याच वर्गांतल्या मुलास चुंबकीय पदार्थांवर प्रयोग करावयाचे असतील, तर त्या तीसही तबकड्या त्याला निरुपयोगी ! दोघांस एकच नंबर कसा पुरावा ?

म्हणून क्रमवारीची चाळण पहिल्या निवडीपुरतीच वापरावी. पंधरावी व दीडशेवी यांत फरक असेल. सतरावी व चोविसावी यांवरून घरांत वाद घालूं नये. त्याऐवजीं त्या विभागांत आपल्या आवडीचें काम करणारे अध्यापक किती, त्यांचे गेल्या पांच वर्षांतील निबंध कोणते, त्यांचे पूर्वीचे विद्यार्थी हल्लीं कोठें आहेत, पीएच. डी.स किती वर्षें लागलीं, शिष्यवृत्ति वेळेवर मिळते कीं नाहीं, हें विचारावें. हें सारें तेथील विद्यार्थीच खरें सांगतात, आणि तेंही एकटे भेटले तर. संभाव्य मार्गदर्शकास ई-मेल अवश्य पाठवावा. मात्र तो मुलानें स्वतः लिहावा, वडिलांनीं नव्हे.