माशी, खाच आणि लाल ठिपका

ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ मध्ये सुरू झालं. त्या काळात राज्यातल्या फौजदाराच्या कमरेला बहुधा रिव्हॉल्वर असे. नेम धरायला पुढे माशी, मागे खाच, दोन्ही पक्क्या. इशापूरच्या कारखान्यातलं ९ मिमी पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं, पण त्याचीही खाच स्क्रूने सरकत नाही. सरकारी हत्यार आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार. प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांप्रमाणे खाच हलवली तर पुढच्याची पंचाईत.

याच आयुक्तालयातल्या कल्याण-डोंबिवलीच्या परवानाधारकाला ९ मिमी कायद्यानेच बंद. त्याच्या वाट्याला .३२, आणि निवडणूक आली की बऱ्याचदा तेही पोलीस ठाण्यात जमा करायचं. कानपूरच्या शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी अर्धा किलोचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर काढलं. तेही .३२ चंच.

खरी चैन नेमबाजांची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. नेमबाजीत एशियाड सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारातल्या .२२ पिस्तुलाची मागची खाच वर-खाली, डावी-उजवी टिचकी-टिचकीने सरकते. पहिल्या टप्प्यात बरेच नेमबाज काळ्या वर्तुळावर नेम धरतच नाहीत; त्याच्या खाली पांढरी फट ठेवतात आणि गोळी मध्यात लागेल अशी खाच लावून घेतात. दुसऱ्या टप्प्यात हात खाली ४५ अंशांत, लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर. तेवढ्यात हात उचलून एक गोळी.

ही फट ठेवायची सवय घेऊन कुणी ड्युटीचं पिस्तूल उचललं तर गोळी खाली जाण्याचा धोका, कारण तिथे बहुतेकदा जिथे नेम तिथेच गोळी असा हिशेब असतो. शिवाय गस्त रात्रीची! अंधारात काळी माशी काळ्या खाचेत दिसेनाशी होते. २६/११ नंतर उभ्या राहिलेल्या ‘फोर्स वन’ या कमांडो पथकाकडे ग्लॉक पिस्तूल आलं. त्याच्या साध्या माशीवरही पांढरा ठिपका असतो, खाचेला पांढरी किनार. पुरत्या काळोखात रंगाचाही उपयोग नाही. तिथे स्वतः उजळणारा ट्रिशियमचा ठिपका लागतो.

लाल ठिपक्याची दुर्बीण स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्येच बाजारात आणली होती. १९९० मध्ये अ‍ॅडलेडच्या जागतिक प्रॅक्टिकल नेमबाजी स्पर्धेत डग कोनिग तिच्या जोरावर जिंकला, तेव्हा जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली असतील. चाळिशी लागलेल्यांनी मात्र नक्कीच नसावीत: माशी धूसर दिसायला लागते त्या वयात नजर थेट लक्ष्यावर ठेवता येणं ही मोठीच सोय. ग्लॉकने २०१५ मध्ये ठिपका बसवायची जागा कारखान्यातूनच करून दिली. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत मात्र तो आजही चालत नाही.

पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेसोबत लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी घडवलेलं ‘अस्मी’ मशीन पिस्तूल २०२१ मध्ये पुढे आलं, ते दुर्बीण बसवायची पट्टी घेऊनच. २०२४ मध्ये लष्कराने अशी ५५० मागवली. डोंबिवलीकराच्या .३२ रिव्हॉल्वरवर अशी पट्टी नाही.