छाटणी आणि घाणेरी

झुडूप कापले म्हणजे त्याचा विस्तार आवरला जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ते बहुधा अधिक दाट होते. फांदीच्या शेंड्यावरील कळीत ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खाली उतरत असते तोवर पानांच्या बगलेतील कळ्यांची वाढ रोखली जाते. शेंडा कापला की हा निर्बंध उठतो आणि एका फांदीच्या जागी दोन-चार फांद्या फुटतात. मेंदीच्या कुंपणाला दाटी येते ती याच कारणाने.

म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर या तालुक्याच्या गावाभोवती या नियमाची दुसरी बाजू पाहावयास मिळते. गावाच्या दक्षिणेस बंदीपूरचे, तर पश्चिमेच्या बाजूस कबिनीपलीकडे नागरहोळेचे अरण्य आहे. दोन्ही अरण्यांत घाणेरी, म्हणजेच टणटणी, फार माजली आहे. मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील हे सदाहरित झुडूप १९व्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी भारतात आणले गेले. बुलबुलासारख्या पक्ष्यांनी त्याची फळे खाल्ली आणि बिया बागेबाहेर नेल्या. घाणेरीच्या जाळीखाली गवत वाढत नाही, आणि तिची पाने गुरांना विषारी असतात. त्यामुळे हरणांचा व गव्यांचा चारा घटतो, आणि पर्यायाने वाघाचे भक्ष्यही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार भारताच्या व्याघ्रप्रदेशातील सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर वनांत घाणेरी पसरली होती.

अशा ठिकाणी कोयता व्यर्थ ठरतो. खोड व मूळ जेथे मिळतात, तेथे सुप्त कळ्या असतात. वरचा भाग कापला अथवा जाळला, तरी पावसाबरोबर तेथूनच नवे धुमारे निघतात. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू व त्यांचे सहकारी यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात यावर उपाय योजला आणि २००९ साली तो प्रसिद्ध केला. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर, म्हणजे सुप्त कळ्यांच्याही खाली, कुदळीने तोडावयाचे आणि झुडूप उलटे करून ठेवावयाचे. मुळांचा मातीशी संबंध तुटल्याने ते वाळून जाते. पुढे पावसाळ्यात बियांपासून उगवलेली रोपे उपटून टाकावी लागतात आणि मोकळ्या जागी स्थानिक गवत लावावे लागते.

बागेतील घाणेरी राखावयाची असल्यास फुले ओसरताच, फळे धरण्यापूर्वी, तिचे शेंडे छाटावेत. काढावयाची असल्यास मात्र कात्री उपयोगी नाही. कुदळच हाती घ्यावी.