डिक्कीतला खर्ज

पुण्याच्या तपकीर गल्लीत सबवूफर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो वॉटचा. मग इंचाचा, दहा की बारा? मग भावाचा. ‘याला किती लिटरचा खोका लागेल?’ असं विचारणारा माणूस मला इतक्या वर्षांच्या चकरांमध्ये क्वचितच भेटला, आणि जो भेटला त्याच्याशी तिथल्या तिथे दोस्ती झाली. गाडीतला बेस किती मोठा, किती खोल आणि किती स्वच्छ लागणार हे ठरवण्यात वूफरचा जेवढा हात असतो तेवढाच त्याच्या खोक्याचा. माझ्या मते थोडा जास्तच.

खात्री करायची असेल तर दुकानदाराला वूफर खोक्याशिवाय, नुसता हातात धरून वाजवायला सांगावा. बारा इंची कोन, म्हणजे वूफरचा पडदा, चांगला पुढेमागे हलताना दिसतो आणि आवाज मात्र किरटा. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जातल्या लाटा इतक्या लांब असतात की पुढचा दाब कडेनं वळून मागच्या विरळ हवेत शिरतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. मागची लाट कोंडायची, नाहीतर वळवून कामाला लावायची, यासाठी खोका.

इतिहास झटपट सांगतो. पोर्ट, म्हणजे हवेसाठी उघडी नळी, असलेल्या खोक्याचं पेटंट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरासला 1932 मध्ये मिळालं. छोट्या हवाबंद खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला एडगर व्हिल्चरनं, 1954 च्या एआर-1 या स्पीकरमध्ये. कुठल्या वूफरला किती मोठा खोका हे गणितानं सांगता येऊ लागलं ते ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्यामुळे. थीलचा निबंध 1961 चा, स्मॉलचे त्यानंतरच्या दशकातले. वूफरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे छापलेले असतात ते या दोघांची देणगी. गिऱ्हाईक ते पत्रक दुकानातच टाकून जातं, याचं मला वाईट वाटतं.

हवाबंद खोक्यात आतली हवा स्प्रिंगचं काम करते आणि कोनला ताब्यात ठेवते. ढोलकीची थाप पडली आणि थांबली, असं नेमकं ऐकू येतं. बारा इंची वूफरला साधारण 28 ते 30 लिटर पुरतात. खोका खरंच हवाबंद आहे का हे बघायला कोन तळहातानं हळूच आत दाबून सोडावा. तो संथपणे जागेवर आला तर सांधे पक्के, टणकन आला तर कुठून तरी हवा गळतेय. आत पॉलिस्टरचा कापूस भरला तर वूफरला खोका थोडा मोठा असल्यासारखा भासतो. बंद खोक्याबद्दल एवढं बास, कारण माझा जीव अडकलाय तो पोर्टमध्ये.

गोव्यात आरतीला घुमट वाजतं. मातीचं मडकं, एका अंगाला कातड्यानं मढवलेलं रुंद तोंड, दुसऱ्या अंगाला अरुंद उघडं तोंड. वादक उजव्या हातानं थाप मारतो आणि डाव्या तळव्यानं ते उघडं तोंड कमीजास्त झाकतो. तसा मडक्यातला घुमार खालीवर होतो. पोर्टचा खोका म्हणजे हेच घुमट: कातड्याच्या जागी कोन, उघड्या तोंडाच्या जागी पोर्ट. तोंडाशी अडकलेल्या हवेला वजन असतं, आतल्या हवेला लवचिकपणा असतो, आणि दोघी मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला स्वतःहून झुलू लागतात. हर्मन हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात हे गणितात बसवलं.

आकड्यात बघू. 50 लिटरचा खोका, 10 सेंटिमीटर व्यासाची आणि 31 सेंटिमीटर लांबीची नळी: सूर लागतो 35 हर्ट्झच्या आसपास. तीच नळी निम्मी कापली की सूर चढून 45 वर जातो. वूफर तोच, अँप्लिफायर तोच, आणि करवतीच्या एका फेरीनं गाडीचा स्वभाव बदलला! 45 हर्ट्झचा खोका लग्नाच्या वरातीतली गाणी धमाधम वाजवतो, 35 चा त्याखालचे, पोटात जाणवणारे सूर काढतो. गंमत अशी की पोर्टच्या सुरावर कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि बहुतेक आवाज पोर्टमधल्या हवेतून येतो. हडपसरच्या बाजूला एका कारागिराच्या वर्कशॉपमध्ये मी हे प्रथम डोळ्यांनी पाहिलं. तो एकेका हर्ट्झनं सूर खाली आणत होता. कोन आधी जोरात हलत होता, मग कमी, मग एका जागी थिजल्यासारखा झाला, आणि त्याच वेळी पोर्टसमोर धरलेला माझा हात वाऱ्यानं गार पडला.

पोर्टच्या सुराभोवती बंद खोक्याच्या तुलनेत साधारण 3 डेसिबल फायदा सहज होतो. 3 डेसिबल म्हणजे अँप्लिफायरची ताकद दुप्पट करण्याइतका फरक. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. नळी अरुंद असली तर हवा फुसफुसते, म्हणून पोर्ट ऐसपैस हवा. आणि पोर्टच्या सुराखाली वूफरला आतल्या हवेचा आधार उरत नाही, कोन मोकाट सुटतो. तिथे त्या सुराखालचा आवाज अडवणारा, अँप्लिफायरमधला सबसॉनिक फिल्टर लावलाच पाहिजे. बंद खोक्याचा आवाज खालच्या दिशेनं दर सप्तकाला 12 डेसिबल उतरतो, पोर्टचा 24.

इथपर्यंतचं सगळं घरातल्या स्पीकरलाही लागू आहे. गाडीत खरी मौज पुढेच सुरू होते, कारण गाडी स्वतःच एक खोका आहे आणि आपण त्याच्या आत बसलेलो असतो.

40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. चार मीटरच्या आतल्या आपल्या हॅचबॅकच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे एवढा खोल खर्ज गाडीत पुढून मागे ‘प्रवास’ करतच नाही, आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो आणि एकदम उतरतो. आतली लांबी अडीच मीटर धरली तर साधारण 70 हर्ट्झच्या खाली ही अवस्था सुरू होते आणि गणितानं दर सप्तकाला 12 डेसिबल वाढ फुकट मिळते. पत्रा लवतो, फटींतून हवा जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. आता वरचा आकडा आठवा: बंद खोका दर सप्तकाला 12 नं उतरतो, गाडी तितक्यानंच चढवते. दोन्ही उतार एकमेकांना भरून काढतात. म्हणूनच घरात फिका वाटणारा छोटा बंद खोका गाडीत इतका खोल वाजतो, आणि म्हणून पोर्टवर एवढा जीव असूनही छोट्या गाडीच्या मालकाला मी बंद खोकाच सुचवतो.

मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीला हा फायदा मिळत नाही. उघड्यावर खर्ज उभा करायचा तर अठरा इंची वूफरचे थर रचावे लागतात.

‘बेसची लाट पूर्ण उलगडायला जागा लागते, गाडीत ती जागा नसते, म्हणून तो बाहेर जास्त लागतो,’ हे वाक्य मी निदान निम्म्या फिटरांच्या तोंडून ऐकलंय. ते खरं असतं तर कानात घालायच्या इअरफोनमधून खर्ज ऐकूच आला नसता. कानाला दाबातला चढउतार लागतो, लाटेची लांबी नव्हे.

गाडी खोका असल्याचा पुरावा एक्सप्रेसवेवर मिळतो. वेगात असताना मागची एकच काच खाली करा. कानावर धप-धप-धप असा दाब बसू लागतो. ती खिडकी म्हणजे पोर्ट, गाडी म्हणजे खोका, आणि वारा त्याला 20 हर्ट्झच्या आसपास झुलवतो. दुसरी काच थोडी खाली केली की तो मोडतो. काचा उघड्या ठेवून खर्ज ऐकणाऱ्याची ती फुकटची वाढ का जाते, हेही यातच आलं.

खोक्याचं तोंड कुठे असावं यावरून दुकानात वाद रंगतात. वूफर डिक्कीच्या दरवाजापासून एक मीटर लांब, सीटकडे तोंड करून ठेवला, तर मागे आपटून परतणारी लाट दोन मीटर जास्त चालून येते आणि 86 हर्ट्झच्या आसपास सरळ आलेल्या लाटेला मारते. ऐन ठेक्याचा भाग पोकळ होतो. खोका मागच्या टोकाला, तोंड मागे करून ठेवला की हा खड्डा बेसच्या टापूबाहेर वर सरकतो. सेडानमध्ये सीटमागचा पत्रा आणि पार्सल ट्रे आडवे येतात, तिथे आर्मरेस्टमागची झडप उघडली तरी फरक पडतो.

सीएनजीची टाकी असलेल्यांची डिक्की आधीच भरलेली. मग सीटखाली मावणारा चपटा सबवूफर येतो, आणि त्याच्याकडून बारा इंचीची अपेक्षा होते. इथे हॉफमनचा नियम आठवतो: छोटा खोका, खोल खर्ज, मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. हा अँटन हॉफमन केएलएच या 1957 साली निघालेल्या स्पीकर कंपनीतला ‘एच’, आणि विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमनचा मुलगा. पियानोवादकाच्या घरातल्या मुलानं खर्जाचा हिशेब मांडावा, हे मला फार आवडतं.

राहिला बाहेर जाणारा आवाज. पत्रा आणि काच उंच सूर अडवतात, पण कंपनसंख्या निम्मी झाली की त्यांची अडवण्याची ताकद साधारण 6 डेसिबलनं घटते. म्हणून शेजारून जाणाऱ्या गाडीतलं गाणं कळत नाही, धप्प तेवढं कळतं. तो खर्ज इमारतीच्या कोपऱ्याला वळसा घालतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची सैल काच थरथरवतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापानं मोजतात आणि हे माप 50 हर्ट्झचा सूर जवळजवळ 30 डेसिबलनं कमी धरतं. मीटरवर आकडा साधा दिसतो आणि वरच्या मजल्यावरच्या आजींची झोप उडालेली असते. त्या आजींची बाजू मला पूर्ण पटते.

अनेक अँप्लिफायरबरोबर बेस कमीजास्त करायची वेगळी नॉब येते. घाईत फिटर ती वायरसकट डिक्कीत गुंडाळून ठेवतो. ती ओढून स्टिअरिंगजवळ बसवून घ्या आणि गल्लीत वळताना शून्यावर आणा. नंबर प्लेट खडखडू नये म्हणून तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवायलाही त्याच वेळी सांगा.